टरबुजाचं भूत

उन्हाळ्याच्या सुट्टीत चिमुकल्यांसाठी घरच्या घरी भुतांची पार्टी कशी करावी

ज्वारीच्या रानात बुजगावणं उभं करताना जे लेकरू जवळ असतं, ते पुढं त्या बुजगावण्याला भीत नाही. दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधायच्या, आजोबांचा विरलेला सदरा चढवायचा, वर काळं गाडगं उपडं घालायचं आणि चुन्यात बुडवलेल्या बोटानं दोन डोळे काढायचे. पाखरं बिचकतात. अंधार पडल्यावर वाटेनं जाणारा परका माणूसही क्षणभर थबकतो. पण ज्यानं गाडगं उचलून हातात दिलं, ते पाच वर्षांचं पोर त्याच्याकडं बघून हसतं. हे भूत त्यानं स्वतः केलेलं असतं.

लहान मुलांसाठी हॅलोवीनसारखी भुतांची पार्टी करायची असेल, तर एवढं बुजगावणं डोळ्यांपुढं ठेवा. भूत लेकराच्या हातानं झालं पाहिजे. मोठ्यांनी तयार केलेलं भूत लेकराच्या अंगावर सोडायचं नाही. सोंगं, खेळ, खाऊ, अंधार यातलं काय ठेवायचं आणि काय वगळायचं हे याच एका कसोटीवर ठरवता येतं.

ही अक्कल मला सुखासुखी आली नाही. आमच्या घरी पहिल्यांदा अशी संध्याकाळ केली, तेव्हा एक हौशी मामा काळी घोंगडी पांघरून दारामागं उभा राहिला आणि लेकरं आत येताच ओरडून पुढं आला. मोठी हसली. चार वर्षांची एक मात्र हसली नाही, रडलीही नाही. ती गप्प झाली. पुढं पंधरा दिवस ती मोरीत एकटी जाईना. त्या रात्री भूत तिच्या हातात नव्हतं, एवढीच चूक झाली होती. खाली जे लिहिलं आहे ते त्या चुकीनंतर शिकलेलं आहे.

ऑक्टोबर नको, मे बरा

हॅलोवीनचा खरा दिवस ३१ ऑक्टोबर. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या जुन्या केल्टिक लोकांचा सुगी संपून हिवाळा लागतानाचा सण होता, त्याचं नाव साविन. त्या रात्री मेलेल्यांची आणि जिवंतांची हद्द पुसट होते, अशी समजूत होती. पुढं १ नोव्हेंबरच्या ख्रिस्ती संतदिनाशी तो जोडला गेला. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात ते अमेरिकेत गेले, तिथं त्यांना मोठाले लाल भोपळे मिळाले आणि सलगमाची जागा भोपळ्यानं घेतली. म्हणजे हा सणही जिथं गेला तिथल्या मळ्यातलं फळ घेऊन मोठा झाला. आपणही तेच करायचं आहे.

आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरला ऑक्टोबरअखेर या पार्टीला सवडच नसते. दिवाळी त्याच सुमाराला येते. २०२४ साली तर नरकचतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती. बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं त्याच दिवसांत बाजारात असतात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, केज भागातल्या ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांच्याबरोबर कितीतरी लेकरंही पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गल्ली अर्धी रिकामी होते. कारखान्यांचा हंगाम संपून पट्टा पडला की मार्च-एप्रिलात गाड्या परत येतात आणि मे महिन्यात गल्लीतली सगळी लेकरं पुन्हा एका ठिकाणी दिसतात. शाळा बंद असते, दिवसभर ऊन बाहेर पडू देत नाही, संध्याकाळ रिकामी असते. भुतांना बोलवायला याहून चांगला महिना नाही.

दिवस, वेळ आणि जागा

अमावास्या टाळा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा जीव त्या दिवशी उगाच टांगणीला लागतो, आणि वीज गेली तर गुडुप अंधार होतो. शुद्ध दशमी ते पौर्णिमा हे दिवस उत्तम. अंधार पडेपर्यंत चंद्र वर आलेला असतो, त्यामुळं अंगण पूर्ण काळं होत नाही. अक्षय तृतीयेला मात्र हा खेळ ठेवू नका. त्या दिवशी घरोघरी पितरांच्या नावानं पाण्याचा करा पूजतात. जिथं आजीच्या डोळ्यांत पाणी असतं, तिथं भुताची थट्टा शोभत नाही.

मे महिन्यात इथं पारा ४० अंशांच्या वर जातो. दुपारची पार्टी म्हणजे लेकरांना ऊन लागण्याला आमंत्रण. सहा वाजता बोलवा. पावणेसात-सातला दिवस मावळतो. पहिला तास उजेडात हातकामाचा, मग थोडा वेळ तिन्हीसांजेचा, मग अर्धा तास अंधारातल्या खेळाचा, आणि सव्वाआठला सगळे जेवून मोकळे. लेकरांनी अंधार हळूहळू पडताना पाहणं महत्त्वाचं आहे. भर उजेडातून एकदम काळोख्या खोलीत ढकललेलं लेकरू घाबरतं. डोळ्यांदेखत आलेला अंधार मात्र त्याला ओळखीचा वाटतो.

आठ ते बारा लेकरं पुरेत. तीन ते आठ वर्षांची असतील तर चार लेकरांमागं एक मोठं माणूस हवं. जागा म्हणजे घरचं अंगण, ढाळज किंवा कठडा असलेली गच्ची. माळवदाला कठडा नसेल तर माळवद नको. दुपारनंतर अंगणात पाण्याचा सडा टाकला की फरशी निवते. पाण्याची टंचाई असते, तेव्हा धुण्याभांड्यांचं पाणी सड्याला वापरा आणि पाण्याच्या फुग्यांचे खेळ ठेवूच नका.

"किल्ल्यावर केली तर?" असं एखादा उत्साही काका म्हणेलच. सोळाव्या शतकात आदिलशाहीतल्या किश्वरखानानं बांधलेला आपला धारूरचा किल्ला लेकरांना जरूर दाखवा, पण सकाळी सातला, बूट घालून. रात्री तिथं पडके तट, झुडपं आणि विंचू यांच्याशी मुकाबला असतो. घरीसुद्धा सरपणाचा ढीग, रचलेले दगड, जुन्या फरशा यांच्या आसपास लेकरांना फिरकू देऊ नका. उन्हाळ्यात रात्री विंचू बाहेर पडतात. डंख झालाच तर मंत्र-उतारा यात वेळ न घालवता थेट सरकारी दवाखाना गाठा. १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर दारामागं लिहून ठेवा.

एक शब्द : "उजेड!"

पार्टी सुरू होताना सगळ्यांना गोल बसवून एकच नियम सांगा. कुणालाही, कधीही, थोडंसंही नको वाटलं तर मोठ्यानं "उजेड!" म्हणायचं. शब्द ऐकला की त्याच क्षणी दिवा लागेल, खेळ थांबेल आणि "एवढ्याला भितोस?" असं कुणीही म्हणणार नाही. एका मोठ्या माणसानं दुसरं काहीच काम न घेता दिव्याच्या बटणापाशी बसायचं. वीज जाणार हे धरून चालायचं आणि दोन बॅटऱ्या दुपारीच चार्ज करून त्याच माणसाजवळ ठेवायच्या.

पहिल्या पाच मिनिटांत हा शब्द चारदा ऐकू येईल. भीतीनं नाही, खरंच दिवा लागतो का हे बघायला. चारही वेळा लावा. वैतागू नका, "आता पुरे" म्हणू नका. उजेड आपल्या तोंडात आहे अशी एकदा खात्री पटली की लेकरं अंधारात बिनधास्त शिरतात. आमच्याकडं तो शब्द नंतर संध्याकाळभर कुणी उच्चारला नव्हता.

ऊसतोडीवरून परत आलेल्या लेकरांचा इथं वेगळा विचार करावा लागतो. सहा महिने फडाशेजारच्या कोपीत राहिलेल्या लेकरानं अंधार आपल्यापेक्षा जास्त पाहिलेला असतो. त्याला भुताचं काही वाटणार नाही, पण खोटा साप अंगावर टाकला किंवा बिबट्याचा आवाज काढला तर ती त्याच्यासाठी गंमत नसते. रबरी साप, पाली, बिबट्या हे सगळं पार्टीतून वजा करा.

सोंगं : आजोबांचं धोतर आणि मोडकी छत्री

पत्रिकेत "भुताचा पोशाख करून या" असं लिहू नका. कुणी पुण्याहून मागवलेला चकचकीत ड्रेस घालून येईल, कुणी साध्या कपड्यात येऊन कोपऱ्यात उभं राहील. सोंगं इथंच, सगळ्यांनी मिळून करायची. निरोप एवढाच द्या : "जुने सुती कपडे घालून या, भूत इथं होऊ."

*पांढरं भूत.* धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखं भुताला दुसरं कापड नाही. ते मऊ असतं, हवा खेळती ठेवतं, घाम टिपतं. लेकराच्या डोक्यावरून पुढं-मागं घोट्याच्या वर चार बोटं येईल एवढ्या लांबीचा तुकडा घ्या, म्हणजे पायात येत नाही. डोळ्यांपुरती दोन भोकं पाडू नका. कापड सरकलं की लेकराला दिसेनासं होतं आणि ते धडपडतं. पूर्ण चेहरा मोकळा राहील एवढं लंबगोल कापा. भुताचं तोंड लेकरानं कोळशानं पोटावर काढायचं, हवं तेवढं वेडंवाकडं.

*वटवाघूळ.* मोडकी काळी छत्री प्रत्येक घरात माळ्यावर असते. तिच्या काड्या मोठ्या माणसानं काढून टाकायच्या, कापड मधोमध कापायचं. अर्धं कापड म्हणजे पंखांची एक जोडी. छत्रीच्या कडेची कमान आयतीच वटवाघळाच्या पंखासारखी असते. दंडाला आणि मनगटाला नाडीनं बांधा. गळ्याला काहीही बांधायचं नाही.

*मुखवटे.* लगीनसराई असते, लग्नपत्रिकांचा ढीग साचलेला असतो. जाड पत्रिकेची मागची कोरी बाजू मुखवट्याला छान. गणपतीचं चित्र आणि कुलदैवताचं नाव असलेला भाग आधी कापून बाजूला ठेवा, म्हणजे आजी नाराज होत नाहीत. मुखवट्याला दोरीऐवजी खालून काडी लावा, हातात धरून तोंडापुढं आणायचा. नको वाटलं की हात खाली.

चेहरा रंगवायचा तर काजळाच्या मिशा आणि बिटाच्या रसाचे लाल गाल पुरे. बाजारातलं कुंकू आणि होळीचे उरलेले रंग चेहऱ्याला लावू नका. कचऱ्याच्या काळ्या प्लॅस्टिक पिशव्यांचे झगे तर मुळीच नकोत, या उकाड्यात ते अंगाला चिकटतात आणि ठिणगीनं पेटतात.

आणखी एक काळजी. पोतराज, देवऋषी, जोगती यांची सोंगं थट्टेसाठी घेऊ नका, ती जिवंत माणसं आहेत. चेटकीण करायची असेल तर ती गोष्टीतली असावी. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तल्या चिंची चेटकिणीवर मराठी मुलांच्या पिढ्या हसत आल्या आहेत. पण गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडं बोट दाखवून "ती बघ चेटकीण" असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथं थांबवा. असल्या बोलण्यातून खरोखरच्या बायकांचे हाल झाले आहेत, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज त्यातूनही पडली.

दारात बुजगावणं, ओट्यावर टरबूज

सजावटीत दोनच गोष्टी मोठ्या करा. दारात बुजगावणं, ओट्यावर टरबूज.

बुजगावणं लेकरांच्या हातानं उभं राहू द्या. काठ्या मोठ्यांनी बांधाव्यात, सदऱ्यात पोती-चिंध्या लेकरांनी कोंबाव्यात. गाडग्यावर डोळे काढायला चुन्याऐवजी तांदळाच्या पिठीची खळ वापरा, चुना लेकराच्या डोळ्यात गेला तर इजा होते. बुजगावण्याला नाव लेकरांनीच द्यायचं. नाव मिळालं की ते त्यांच्यातलंच एक होतं, आणि तिथून पुढं ते दारात राखण करतं.

अमेरिकेत भोपळा कोरतात. आपल्याकडं मे महिन्यात टरबूज स्वस्त, भरपूर आणि कापायला सोपं. लाल भोपळ्याची साल सुरीला दाद देत नाही. टरबूज देतं, वर आतला गर लेकरांच्या पोटात जातो. कृती अशी :

१. मध्यम आकाराचं, एका बाजूला थोडं चपटं टरबूज घ्या. डगमगत असेल तर बुडाची साल अगदी पातळ तासून ते बसतं करा. आतवर कापलं तर पाणी गळत राहील.

२. देठाकडून झाकण कापताना सुरी तिरकी, आतल्या बाजूला झुकलेली धरा. सरळ कापलेलं झाकण आत पडतं, तिरकं कापलेलं बसून राहतं.

३. गर लेकरांनी काढायचा. प्रत्येकाला एक मोठा चमचा द्या. दोन बोटं जाडीची कड राहू द्या. गर वेगळ्या पातेल्यात, झाकून, थंड जागी.

४. डोळे, नाक, तोंड लेकरांनी खडूनं काढावं, कापावं मोठ्यांनी. लहान धारदार सुरी घ्या आणि आकार साधे ठेवा. दातांसाठी एक-दोन चौकोन राखले की पुरे.

५. आत मेणबत्ती नको. सुती सोंगं घातलेल्या लेकरांच्या गर्दीत ज्योत असू नये. बॅटरीवरची पणती किंवा लहान टॉर्च वाटीत ठेवून आत ठेवा.

दिवा लागला की लाल गरामुळं आतून तांबूस उजेड येतो आणि हिरव्या सालीवर डोळे पेटल्यासारखे दिसतात. भोपळ्याला हा रंग येत नाही. कोरलेलं टरबूज उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही, म्हणून ते त्याच दिवशी, लेकरं आल्यावर पहिल्या तासातच कोरा आणि दिवा लावेपर्यंत ओल्या फडक्याखाली ठेवा.

जळमटांसाठी कापूस आहेच. मूठभर कापूस दोघा लेकरांनी दोन टोकांना धरून हळूहळू ताणायचा, तो तुटता तुटता जाळ्यासारखा पसरतो. दाराच्या चौकटीवर, खिडकीच्या गजांवर लावा. उदबत्ती आणि चुलीपासून मात्र लांब.

खेळ : चार पुरेत

*चकवा.* रानात चकवा लागला की माणूस त्याच त्या ठिकाणी घुमत राहतो, असं आजोबा सांगतात. अंगणात रांगोळीनं गोगलगाईच्या शंखासारखी मोठी वळसेदार वाट काढा, चार-पाच वेढ्यांची. मधोमध खाऊची परडी. एकेका भुतानं रेषेला पाय न लावता आत जायचं, खाऊ घ्यायचा आणि त्याच वाटेनं परत यायचं. आठ वर्षांच्यांना उलटी पावलं टाकत यायला सांगा. वाट कुणी आखली, हे लेकरांनी पाहिलेलं असतं. तरीही आत गेल्यावर ती घुमतात आणि खिदळतात.

*सावल्यांचं भूत.* ओसरीच्या दाराला पांढरी चादर बांधा, मागं चार-पाच पावलांवर टॉर्च ठेवा, लेकरं चादरीपुढं बसवा. आधी मोठ्यांनी एक हात टॉर्चजवळ न्यावा. चादरीवर अक्राळविक्राळ पंजा उमटतो आणि क्षणभर सगळे गप्प होतात. लगेच एकेका लेकराला मागं बोलवा. त्यानं हात टॉर्चकडं नेला की पंजा वाढतो, चादरीकडं नेला की लहान होत होत त्याच्या हाताएवढाच उरतो. आमच्याकडं एका पाच वर्षांच्या मुलानं हे सलग दहा-बारा वेळा केलं. हात पुढं, हात मागं. राक्षसाचा हात करायचा आणि परत आपला करायचा. त्याला हलवायला नको म्हणून आम्ही पुढचा खेळ लांबवला. वेळ उरला तर सांगा की सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे कलाकार चामड्याच्या बाहुल्यांच्या अशाच सावल्यांतून रामायण उभं करतात.

*रक्ताचं पत्र.* हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याचाच हा खेळ. दोन चमचे हळद अर्धी वाटी पाण्यात कालवून कोऱ्या कागदांवर फासा आणि सावलीत वाळवा. हे सकाळीच करून ठेवा. धुण्याचा साबण थोड्या पाण्यात विरघळवून वाटीत द्या. लेकरानं काडीला कापूस गुंडाळून त्या पाण्यानं पिवळ्या कागदावर चित्र काढायचं. पाणी दिसत नाही, पण कागदावर रक्तासारख्या लाल रेघा उमटतात. सगळ्यांचं ओरडून झालं की लिंबाची फोड द्या. लिंबू फिरवलं की लाल रंग पुसतो, पिवळा परत येतो. साबण आणि लिंबू दोन्ही हातांवर असतं, तेव्हा डोळे चोळू देऊ नका. खेळ झाल्यावर हात धुवायला लावा.

मग शांतपणे सांगा : कुणी बाबा लिंबू-हळद घेऊन लाल डाग दाखवायला लागला, तर त्याच्या वाटीत काय आहे ते विचारायचं. १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून असल्या चमत्कारांमागचं कारण दाखवत आले आहेत. पाच वर्षांच्या लेकराला भाषण नको. त्यानं लाल रंग स्वतः आणला आणि स्वतः घालवला, तेवढं पुरतं.

*खिरापत ओळखा.* परदेशात मुलं सोंगं घेऊन घरोघर गोळ्या मागतात. आपल्याकडं भोंडल्यात, हादग्यात झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची रीत आहे. दोन्ही जोडून टाका. गल्लीतल्या ओळखीच्या तीन घरांना आधी सांगून ठेवा. भुतांची रांग दारात जाईल, घरच्या काकूंनी झाकलेला डबा हलवून दाखवायचा, भुतांनी ओळखायचं. गोड की तिखट? कुरकुरीत की मऊ? ओळखलं तरी खाऊ, नाही ओळखलं तरी खाऊ. पुढं एक मोठं माणूस, मागं एक, हातात टॉर्च, आणि रस्ता ओलांडायचा नाही. चॉकलेट या दिवसांत हातातच वितळतं. राजगिऱ्याच्या वड्या किंवा चुरमुऱ्याचे लाडू सांगून ठेवा.

खाऊ : नावं भयंकर, पदार्थ घरचे

भुताच्या खाऊत खरी गंमत नावाची असते. पदार्थ ओळखीचाच हवा, नाहीतर लहान मुलं तोंड लावत नाहीत.

*बेडकाची अंडी* : सब्जा घातलेलं लिंबाचं सरबत. सब्जा अर्धा तास आधी भिजवून पूर्ण फुगू द्या. प्रत्येक बीभोवती पारदर्शक कवच येतं आणि ग्लासात खरंच बेडकाची अंडी तरंगताना दिसतात.

*भुताचं तोंड* : धपाटे. पीठ भिजवताना तिखट निम्मं करा. थापून झाल्यावर बाटलीच्या स्वच्छ झाकणानं दोन डोळे आणि एक आ वासलेलं तोंड काढा, मग तव्यावर टाका. निघालेल्या गोल टिकल्याही भाजा, त्यांच्यावर जास्त उड्या पडतात. सोबत घट्ट दही.

*मुंजाची बोटं* : काकडीचे लांब काप, टोकाला टोमॅटोच्या सालीचं नख. शेंगदाण्याचं नख सुंदर दिसतं, पण पाच वर्षांखालच्या लेकराच्या घशात अख्खा शेंगदाणा अडकू शकतो. त्याच कारणानं अख्खी द्राक्षं आणि गोल कडक गोळ्याही नकोत. द्राक्षं द्यायचीच तर उभी चिरून चार फोडी करा.

*चेटकिणीचा काढा* : कैरीचं पन्हं. मातीच्या माठात, पळीनं वाढायचं.

*टरबुजाचं काळीज* : मघाशी काढलेला गर, बिया काढून. शेवटी बर्फाचं गारेगार मिळालं तर उत्तमच, पण ते चांगल्या पाण्याचं आहे ना हे बघून घ्या.

पिण्याचं पाणी आणि सरबत पार्टीभर समोर असू द्या. भुतं तहान लागल्याचं सांगत नाहीत. दर अर्ध्या तासानं खेळ थांबवून प्रत्येकाच्या हातात ग्लास द्या. कुणाला मळमळ, डोकेदुखी वाटली तर सोंग लगेच उतरवून वाऱ्याला बसवा.

गोष्ट आणि निरोप

जेवणाआधी दहा मिनिटं गोष्टीची. पूर्ण अंधार नको, टरबुजाचा उजेड पुरे. गोष्ट आजी-आजोबांनी सांगावी, पण काय सांगणार हे आधी विचारून घ्या. वाड्यातल्या विहिरीत अमक्यानं जीव दिला, चिंचेवर तमकी दिसते, अशा खऱ्या नावागावाच्या गोष्टी लहानांना नकोत. त्यांना ते झाड उद्या दिवसाही टाळावंसं वाटेल. भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी या वयाला अगदी बरोबर बसते. वाघ आहे, जंगल आहे, भीती आहे आणि भोपळा म्हातारीच्या ताब्यात आहे. नाहीतर लेकरांनाच गोष्ट करू द्या. "एक भूत होतं, त्याला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटायची?" एवढा एक प्रश्न टाका आणि गप्प बसा. इंजेक्शन, गणिताचा पेपर, गुरुजी, आईचं लाटणं... भुतांच्या भीतीची यादी ऐकताना मोठ्यांचीच करमणूक होते.

सगळ्यात शेवटी सोंग उतरवायचं. हा भाग गडबडीत गुंडाळू नका. सगळे दिवे लावा. एकेकानं मध्ये यायचं, आपलं धोतर किंवा पंख काढून घडी घालून ठेवायचे आणि मोठ्यानं आपलं नाव सांगायचं. बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. दारातल्या बुजगावण्याचं गाडगंही लेकरांनीच उचलून खाली ठेवायचं, चादर सोडवून टॉर्च कुठं होता ते पुन्हा एकदा दाखवायचं. पार्टीत केलेलं प्रत्येक भूत झोपायच्या आधी लेकरानं स्वतः मोडलेलं असावं. रात्री अंथरुणावर त्याच्याबरोबर कुणी उरत नाही.

फक्त टरबूज शिल्लक राहतं. त्याला फेकू नका. आमच्याकडं दुसऱ्या दिवशी सकाळी कालची भुतं चहा-बिस्किट संपवून न बोलावता अंगणात जमली. रात्रीत टरबुजाचे गाल खचले होते, एक डोळा मिटत आला होता. शेजारच्या काकूंच्या शेळीपुढं ते ठेवलं. तिनं आधी नाक खाल्लं, मग दात. पंधरा दिवस मोरीत एकटी न गेलेली ती मुलगी आता सहा वर्षांची होती. ती शेळीच्या अगदी जवळ उकिडवी बसली होती आणि शेळीला सांगत होती, "कान पण खा गं, मीच काढलेत."